वायूआधारित औद्योगिक वसाहत व बंदर-सुविधा (नाशिक परिसर)

नैसर्गिक वायू कच्चा माल किंवा इंधन म्हणून वापरणाऱ्या कारखान्यांसाठी जमीन, पाणी, वीज, वायुवाहिनी आणि जहाजाचा धक्का यांची एकत्र आखणी करून उभारलेले क्षेत्र. अमोनिया, युरिया, मिथेनॉल, वीजनिर्मिती व काही प्रमाणात पोलाद हे अशा वसाहतीचे मूळ उद्योग. काच, सिरॅमिक, फोर्जिंग (तापलेला धातू ठोकून घडवणे), हीट ट्रीटमेंट (धातू तापवून-थंड करून त्याचे गुण बदलणे) यांसारखे उद्योग वायू नुसता जाळतात आणि सहसा मागाहून येतात. नाशिक जिल्ह्यात हाच दुसरा वर्ग आहे. जिल्ह्याला किनारा नाही. सातपूर, अंबड, सिन्नर या वसाहती आखल्या गेल्या तेव्हा वायूचा विचारही नव्हता. त्यामुळे येथे वसाहत आधी, वायू नंतर आणि बंदर घाटाखाली, असा उलटा क्रम दिसतो.

उगम : वसाहत व बंदर एकाच नियोजनाखाली आणण्याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे त्रिनिदाद बेटावरील पॉइंट लिसास. तिचे श्रेय कोणाचे याविषयी मतभेद आहेत. एका मताप्रमाणे दक्षिण त्रिनिदादमधील व्यापारी-उद्योजकांच्या चेंबरने १९६६ मध्ये यासाठी स्वतंत्र कंपनी काढली, तेव्हाच कल्पना पूर्ण झालेली होती. दुसऱ्या मताप्रमाणे १९७३-७४ च्या तेल दरवाढीने सरकारच्या हाती पैसा आला नसता, तर उसाच्या शेतांवरचा तो आराखडा कागदावरच राहिला असता. सरकारने १९७५ मध्ये नॅशनल गॅस कंपनी आणि १९७९ मध्ये नॅशनल एनर्जी कॉर्पोरेशन स्थापन केली. धक्के व इतर सागरी सुविधा उभारण्याचे काम या कॉर्पोरेशनकडे आले. काहीजण आणखी मागे जाऊन जवळच्या सॅव्होनेटा येथील १९५९ च्या खत कारखान्याकडे बोट दाखवतात, पण एका कारखान्यापासून वसाहतीचा आरंभ धरणे ओढाताणीचे आहे. कल्पना चेंबरची व उभारणी सरकारची, हे मत तारखांशी अधिक जुळते.

नाशिकमध्येही खाजगी पुढाकार आणि सरकारी यंत्रणा यांचा असाच शेजार आढळतो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी अस्तित्वात आले. सातपूर येथील नाशिक औद्योगिक सहकारी वसाहत (नाइस) ही स्थानिक उद्योजकांनी सहकारी तत्त्वावर उभारलेली वसाहतही साधारण त्याच दशकातली. सिन्नरजवळ मुसळगाव येथे सहकारी वसाहत आणि माळेगाव येथे महामंडळाची, अशी जोडी पुढे तयार झाली.

किनाऱ्यावरील सुविधा : पश्चिम किनाऱ्यावर वायूउद्योगाची सुरुवात बंदरापासून झाली नाही. मुंबई हाय क्षेत्राचा शोध १९७४ मध्ये लागला. तेथील वायू समुद्रतळावरील वाहिन्यांतून उरणला येऊ लागला आणि त्याच्या आधाराने थळ येथील खतप्रकल्प उभा राहिला. वसई क्षेत्रातील वायूमुळे हजिऱ्याला तसेच महत्त्व आले. वायूसाठी जहाजाचा धक्का लागला तो आयात सुरू झाल्यावर. दहेज येथील पेट्रोनेट कंपनीचे टर्मिनल (जहाजातून आलेला द्रवरूप वायू उतरवण्याचे केंद्र) २००४ मध्ये, हजिरा २००५ मध्ये आणि दाभोळ २०१३ मध्ये सुरू झाले. दहेजची क्षमता वर्षाला ५० लाख टनांपासून टप्प्याटप्प्याने १७५ लाख टनांपर्यंत वाढली.

अशा टर्मिनलचा धक्का साध्या मालधक्क्यापेक्षा वेगळा असतो. वायू उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला की द्रव होतो आणि त्याचे आकारमान सुमारे सहाशेपटीने घटते. दीड लाख घनमीटरच्या आसपास द्रव घेऊन आलेले जहाज धक्क्याला लागले की वळणाऱ्या नळ्यांच्या बाहूंनी द्रव किनाऱ्यावरील टाक्यांत उतरवला जातो. साधे पोलाद इतक्या थंडीत ठिसूळ होते, म्हणून टाकीच्या आतील भिंतीस नऊ टक्के निकेल असलेले पोलाद वापरतात. टाकी कितीही चांगली आवरणबद्ध असली तरी थोडा द्रव सतत उकळत राहतो. ही वाफ कॉम्प्रेसरने खेचून पुन्हा वापरात आणावी लागते. उरलेला द्रव बाष्पकात तापवून वाहिनीत सोडतात. द्रव उतरत असताना जहाज जवळजवळ स्थिर राहिले पाहिजे, आणि खर्चाचा व दिरंगाईचा मोठा भाग येथेच असतो.

दाभोळ हे त्याचे ठळक उदाहरण. एन्रॉनच्या वीजप्रकल्पाबरोबर आखलेल्या या टर्मिनलची वर्षाला ५० लाख टनांची क्षमता होती, पण लाटा अडवणारा बांध अपुरा होता. सुरू झाल्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ पावसाळ्यात तेथे जहाज लागत नसे. टाक्या आणि वाहिनी तयार, परंतु वर्षाचे काही महिने टर्मिनल बंद, अशी ही अवस्था होती. जयगड येथे तरंगते टर्मिनल उभारण्याचाही प्रयत्न झाला. एप्रिल २०२१ मध्ये त्यासाठी आलेले ‘होएग जायंट’ जहाज पुढे ब्राझीलला गेले. वाहिनीबाबत काम अधिक सरळ झाले. दहेजपासून उरण, पनवेलमार्गे दाभोळपर्यंतचा किनारा वाहिनीने जोडला गेला, मात्र ही सारी जोडणी सह्याद्रीच्या पश्चिमेला राहिली.

घाटावर वायू : खनिज इंधन घाट चढवण्याचा अनुभव जिल्ह्याला नवा नव्हता. मुंबईच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातून निघणारी उत्पादनवाहिनी मनमाडजवळ पानेवाडी येथे येते आणि तेथून पेट्रोल-डिझेलचे वितरण होते. नैसर्गिक वायूबाबत निर्णायक टप्पा २०१८ चा. शहर वायू वितरणाचे परवाने देण्याच्या नवव्या फेरीत नाशिक व धुळे जिल्ह्यांचा परवाना महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेडकडे गेला. वाहिनी पोहोचेपर्यंत द्रवरूप वायू टँकरने आणून तो येथेच पुन्हा वायुरूप करण्याचा मार्ग पत्करला गेला. अशा केंद्रात पंखदार नळ्यांचे बाष्पक उघड्या हवेत उभे असतात. हवेची ऊब घेऊन द्रवाचा वायू होतो आणि नळ्यांवर पांढरे बर्फ साचते. एक संच चालू ठेवून दुसऱ्यावरचे बर्फ वितळू द्यायचे, असा फेरा चालतो. थोडक्यात, धक्क्यावरची शेवटची प्रक्रिया घाटावर हलवलेली असते.

कारखान्यात होणारा बदल दिसायला लहान. फर्नेस ऑइलवरच्या भट्टीला टाकी, तेल पातळ करणारा हीटर आणि पंप लागत. थंडीत सकाळी तेल घट्ट झाल्याने भट्टी उशिरा पेटण्याची तक्रार नेहमीची. पीएनजी (वाहिनीतून मिळणारा नैसर्गिक वायू) आल्यावर गेटजवळ दाब कमी करणारा स्किड (सांगाड्यावर बसवलेला उपकरणसंच) व मीटर बसतो, बर्नर बदलावा लागतो आणि साठ्याची जागा मोकळी होते. नैसर्गिक वायूचा मुख्य घटक मिथेन हवेपेक्षा हलका असल्याने गळती वर निघून जाते. एलपीजी खाली साचतो. शेडच्या वायुवीजनाची आखणी त्यानुसार बदलते. कारखानदाराचा खरा प्रश्न दराचा असतो. आयात वायूचा भाव आंतरराष्ट्रीय बाजाराबरोबर हलतो, म्हणून अनेकजण दोन्ही इंधनांवर चालणारा बर्नर पसंत करतात.

मुंबई–नागपूर–झारसुगुडा वायुवाहिनीचा मुंबई–नागपूर भाग समृद्धी महामार्गालगत आखलेला आहे. हा महामार्ग इगतपुरी व सिन्नर तालुक्यांतून जातो. सिन्नरच्या वसाहतींसाठी ही वाहिनी टँकरपेक्षा टिकाऊ आधार ठरू शकते.

पुढील आराखडे : पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदरास केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली, अंदाजित खर्च ७६,२२० कोटी रुपये. मच्छीमारांचा विरोध त्यापूर्वीपासून चालू आहे. वाढवण ते इगतपुरीजवळचे भरवीर असा सुमारे १०४ किमीचा जोडरस्ताही राज्याने मंजूर केला आहे. बंदराच्या आराखड्यात द्रवमालासाठी चार धक्के आहेत, पण त्यावरून तेथे वायू टर्मिनल येईल असे गृहीत धरणे घाईचे होईल. निफाड साखर कारखान्याच्या जमिनीवरील प्रस्तावित ड्राय पोर्टचा (समुद्रापासून दूर असलेल्या मालकेंद्राचा) या विषयाशी संबंध दुरूनच येतो. ते कंटेनरसाठी आहे, वायूसाठी नव्हे.