माळवद उतरवताना आणि फाइल उतरवताना

आमच्या अंबाजोगाईकडं जुनं माळवदाचं घर उतरवायचं असलं की सुतार आधी खांबांवर, तुळयांवर खडूनं आकडे टाकतो. आकडे असले की लाकूड कोणत्याही क्रमानं ट्रॅक्टरमधून नेलं तरी दुसऱ्या गावात तोच सांगाडा पुन्हा उभा राहतो. न्यूजग्रुपवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या चर्चेच्या जुन्या फळ्यांवरून, फाइल उतरवून घेणं (डाउनलोड करणं) हे याच जातीचं काम.

न्यूजग्रुपांची ही व्यवस्था, म्हणजे युजनेट, वेबच्या आधीची. 1979 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांना ती सुचली. एका सर्व्हरवरचा मजकूर दुसरा उचलतो, त्याच्याकडून तिसरा. लिनस टोरवाल्ड्सनं 25 ऑगस्ट 1991 ला लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची बातमी पहिल्यांदा दिली, ती अशाच एका ग्रुपवर.

पण ही वाट बांधली होती मजकुरासाठी. म्हणून फाइल आधी मजकुरासारखी करून घेतात. जुन्या पद्धतींत ती तिसऱ्या हिश्शानं फुगायची. 2001 च्या वायएन्क पद्धतीत एक-दोन टक्केच फुगते. मग तुकडे पाडतात. तुकडा साधारण 700 किलोबाइटचा धरला, तर 700 एमबीच्या फाइलचे हजारभर तुकडे होतात.

ते गोळा करायला न्यूज सर्व्हरचं खातं लागतं (बहुधा पैसे भरून), सॅबएनझेडबीसारखा मोफत प्रोग्राम आणि एनझेडबी फाइल. एनझेडबी म्हणजे सुताराची यादी: कोणता तुकडा कुठं आहे, एवढंच तिच्यात असतं. प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा नंबर) 563 निवडा, म्हणजे देवाणघेवाण कूटबद्ध राहते, वाटेत कुणाला वाचता येत नाही. सुरुवात लिनक्ससारख्या मोकळ्या सॉफ्टवेअरनं करा. दुसऱ्याच्या हक्काचे चित्रपट उतरवणं बेकायदाच.

एखादा तुकडा वाटेत हरवतो तेव्हा काय होतं, हा मला यातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. समजा तीन तुकडे आहेत: 7, 4 आणि 9. सोबत दोन जादा आकडे पाठवले. एक साधी बेरीज, 20. दुसरी, पहिल्याची एकपट, दुसऱ्याची दुप्पट आणि तिसऱ्याची तिप्पट मिळून, 42. आता 4 आणि 9 हरवले. उरलेला 7 दोन्हींतून वजा करा: दोघांची बेरीज 13, आणि एकाची दुप्पट अधिक दुसऱ्याची तिप्पट 35. दहावीतली एकसामयिक समीकरणं! सोडवा, 4 आणि 9 परत हातात. कोणते दोन हरवले यानं फरक पडत नाही; जितके गेले तितके जादा आकडे जवळ असले की झालं. अर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी 1960 मध्ये मांडलेलं गणित याच विचाराचं, आणि न्यूजग्रुपवरच्या पार-टू फाइली, म्हणजे हे जादा आकडे घेऊन येणाऱ्या फाइली, त्यावरच चालतात. प्रोग्राम हे सगळं आपोआप करतो.

बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर क्यूआर कोडचं स्टिकर आहे. वाफेनं आणि रोजच्या फडक्यानं त्याचा एक कोपरा पार पुसून गेलाय. तरी मोबाइल धरला की दहा रुपये जातात. त्या पुसलेल्या कोपऱ्यातली माहितीही रीड-सॉलोमनच्याच गणितानं भरून निघते.