उमासा की अडकलेला घास?

मुलगी साडेसहा महिन्यांची होती. मऊ शिजवलेल्या गाजराचा बोटाएवढा तुकडा तिने मुठीत धरला, तोंडात घातला, हिरड्यांनी थोडासा तोडला आणि पुढच्याच क्षणी तिचा चेहरा लालबुंद झाला. जीभ बाहेर, डोळ्यांत पाणी, घशातून ‘अ‍ॅक्, अ‍ॅक्’ असा आवाज. मी धावलो आणि सरळ तिच्या तोंडात बोट घातलं. तुकडा जिभेवर पुढेच होता. माझ्या बोटाने तो मागे ढकलला गेला. मग मात्र तिला खरोखर खोकला आला, उलटी झाली आणि उलटीबरोबर गाजर बाहेर पडलं. ती कितीतरी वेळ रडत होती. पुढचे चार दिवस हात तोंडाजवळ नेला की ती मान फिरवायची.

दुसरा प्रसंग त्यानंतर वर्षभराने घडला. मी ओट्याकडे तोंड करून काहीतरी चिरत होतो. मागे टेबलाशी ती आणि तिचा मोठा भाऊ बसले होते. तिची अखंड बडबड चालू होती, ती मध्येच थांबली. खोकला नाही, रडणं नाही, काहीच नाही. वळून पाहिलं तर ती माझ्याकडे टक लावून बघत होती. तोंड उघडं, डोळे विस्फारलेले, हात हवेतच. भावाने प्रेमाने तिच्या तोंडात अख्खं द्राक्ष घातलं होतं.

पहिल्या वेळी ती सुरक्षित होती. दुसऱ्या वेळी नव्हती. बाहेरच्या कुणी हे दोन्ही प्रसंग पाहिले असते, तर पहिलाच जास्त भयंकर वाटला असता. म्हणून हे लिहितो आहे. बोलताना आपण दोन्हींना ‘घशात अडकलं’ एवढंच म्हणतो आणि सगळा घोळ तिथे होतो. यातला पहिला प्रकार म्हणजे उमासा. दुसरा म्हणजे घास श्वासाच्या वाटेत अडकून श्वास कोंडणं. उमासा हे शरीराचं संरक्षण आहे. श्वास कोंडतो तेव्हा ते संरक्षण अपुरं पडलेलं असतं.

घशात दोन वाटा शेजारी शेजारी आहेत. मागची अन्ननलिका, पुढची श्वासनलिका. गिळताना एक छोटी झडप श्वासनलिकेच्या तोंडावर झुकते आणि घास मागच्या वाटेने खाली उतरतो. पण घास तिथवर पोचण्याआधीच शरीराने एक पहारा ठेवलेला असतो. न चावलेलं, मोठं किंवा अनोळखी काही जिभेच्या ठरावीक भागाला लागलं की घसा आवळला जातो, जीभ पुढे ढकलली जाते आणि घास तोंडात परत येतो. हाच उमासा. मोठ्या माणसाला तो जिभेच्या अगदी मागच्या टोकाला काही लागलं तरच येतो. सहा महिन्यांच्या बाळाची ती जागा बरीच पुढे, जिभेच्या मधोमध असते. म्हणून बाळाला ऊठसूट उमासे येतात, आणि येतात तेव्हा घास श्वासनलिकेपासून चांगला लांब असतो. महिन्या-दोन महिन्यांत, खाण्याची सवय होत जाते तशी ही जागा मागे सरकते आणि उमासे आपोआप कमी होतात.

याच्या पुढची पायरी ठसक्याची. कण किंवा थेंब चुकून श्वासनलिकेच्या तोंडाशी गेला की खोकल्याचा जोरदार झोत त्याला बाहेर फेकतो. बाळ दणदणीत खोकत असेल तर हवा आत-बाहेर होते आहे, हे नक्की.

घास श्वासनलिकेच्या तोंडावर बुचासारखा बसतो तेव्हा हवेची वाटच बंद होते. आवाज निघतो तो स्वरतंतूंमधून हवा जाते म्हणून. हवाच नाही तर खोकला कुठून येणार, आणि रडं तरी कुठून फुटणार? म्हणूनच श्वास कोंडलेलं मूल गप्प असतं. आपण मात्र आरडाओरड, धडपड, मोठा खोकला अशा गोष्टींची वाट बघत असतो. मुलं जेवत असताना मी कधीच दुसऱ्या खोलीत जात नाही, त्याचं कारण एवढंच. तिथून मला फक्त उमासा ऐकू येईल.

आवाजाच्या बाबतीत एक अपवाद लक्षात ठेवावाच लागतो. वाट पूर्ण बंद झाली नसेल आणि फट उरली असेल, तर श्वास आत घेताना शिट्टीसारखा बारीक, चिरका आवाज येतो. खोकला येतो पण दमलेला, पोकळ, जोर नसलेला. असा आवाज धीर देणारा नाही, तो धोक्याचाच आहे.

रंगाचंही असंच. उमाशात आणि ठसक्यात चेहरा लाल होतो, डोळे पाणावतात. श्वास कोंडला की ओठ आणि हिरड्या निळसर, राखाडी पडू लागतात. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर गालांचा रंग पाहून काही कळत नाही, म्हणून ओठांच्या आतली बाजू, हिरड्या आणि नखं पाहावीत. पण रंग बदलायची वाट पाहत बसू नये. श्वास नाही आणि आवाज नाही, एवढं पुरेसं आहे.

आता करायचं काय, तर दोन्ही वेळी अगदी उलट वागायचं.

उमासा येतो तेव्हा आपलं काम म्हणजे हात आवरणं. मूल ताठ बसलेलं किंवा किंचित पुढे झुकलेलं असू द्यावं, आपण त्याच्यासमोर शांत बसावं. तोंडात बोट घालू नये, पाठीवर थापा मारू नयेत, पाणी ओतू नये. घास आधीच पुढे येत असतो, तो आपण मागे ढकलतो. वर आपला घाबरलेला चेहरा बघून मूल दचकतं, जोरात श्वास आत ओढतं, आणि तोच श्वास तोंडातला तुकडा आत नेऊ शकतो. माझ्या बोटाने नेमकं हेच घडलं होतं. उमाशाच्या शेवटी कधी थोडी उलटीही होते. बहुतेक बाळं तोंड पुसताच पुढचा घास मागतात. जोरदार ठसक्याच्या वेळीही खोकू द्यावं. मूल स्वतः खोकतं तेवढा परिणामकारक उपाय आपल्या हातात नाही.

श्वास कोंडला असेल तर मात्र एक सेकंदही थांबायचं नाही. प्राणवायू न मिळाल्यास मेंदूला काही मिनिटांतच इजा होऊ लागते. ओरडून कुणाला तरी बोलवायचं, आपत्कालीन मदतीला फोन लावायला सांगायचं आणि आपण कामाला लागायचं. एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला आपल्या हातावर पालथं धरावं, तो हात मांडीवर टेकवावा, डोकं छातीपेक्षा खाली, जबडा आपल्या बोटांच्या आधाराने. घशावर दाब नको. तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने दोन खांद्यांच्या फऱ्यांमध्ये ५ जोरदार थापा. घास निघाला नाही तर बाळाला उताणं करून छातीच्या मधोमध, स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली ५ वेळा दाबावं. पुन्हा ५ थापा, पुन्हा ५ दाब. घास निघेपर्यंत, बाळ रडेपर्यंत किंवा बेशुद्ध होईपर्यंत हे चालू ठेवायचं.

वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून तशाच ५ थापा द्यायच्या. मग त्याच्या मागे गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी वेढा घालायचा, मूठ बेंबीच्या वर आणि छातीच्या हाडाच्या खाली ठेवायची आणि आत-वर असे ५ झटके द्यायचे. १९७४ मध्ये हेन्री हाइमलिक या अमेरिकन शल्यचिकित्सकाने पोटावरच्या झटक्यांची ही रीत मांडली, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. वर्षाच्या आतल्या बाळाला ती कधीही करू नये, कारण त्याचं यकृत आणि पोटातले इतर अवयव त्या दाबाने दुखावतात. मूल बेशुद्ध पडलं तर जमिनीवर ठेवून छातीदाब आणि तोंडाने श्वास देणं सुरू करायचं. बोटाचा नियम इथेही तोच: तुकडा डोळ्यांना दिसला तर उचलावा, चाचपून शोधू नये.

माझ्या मुलीच्या वेळी तिसऱ्या थापेला द्राक्ष जमिनीवर पडलं. ते आख्खंच्या आख्खं होतं, दाताचा एकही वण नव्हता. आधी एक लांब श्वास ऐकू आला आणि मग रडणं. त्या रडण्याइतकं गोड काही मी आजवर ऐकलेलं नाही. मला त्या वेळी थापा देता आल्या, कारण गाजराच्या दिवसानंतर मी प्रथमोपचाराच्या वर्गाला जाऊन बाहुल्यावर सराव केला होता. वाचून समजतं, पण हात तेव्हा चालतात जेव्हा त्यांनी हे आधी केलेलं असतं. घरात मुलाला भरवणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी हा सराव करावा, अशी माझी अगदी कळकळीची विनंती आहे.

या दोन गोष्टींतला फरक न कळल्याने स्वयंपाकातही चूक होते, आणि ती फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. पहिल्या उमाशाला घाबरून आई-बाबा सगळं मिक्सरमधून काढायला लागतात. महिनोन्‌महिने गुळगुळीत लगदा. त्या दिवसापुरतं निर्धास्त वाटतं, पण मूल चावायला आणि जिभेवर घास फिरवायला शिकत नाही. जाडसर, गुठळ्या असलेलं अन्न ९ महिन्यांनंतरच पहिल्यांदा मिळालेल्या मुलांमध्ये खाण्याच्या तक्रारी पुढे कितीतरी वर्षं जास्त दिसल्याचं ब्रिटनमधल्या अभ्यासात आढळलं आहे. न्यूझीलंडमधल्या २०६ बाळांचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका गटातली बाळं हाताने खात होती आणि त्यांच्या घरच्यांना धोकादायक पदार्थ टाळण्याचं मार्गदर्शन मिळालं होतं, दुसऱ्या गटाला नेहमीप्रमाणे भरवलं जात होतं. हाताने खाणाऱ्यांना सहाव्या महिन्यात उमासे जास्त आले आणि आठव्या महिन्यात कमी. घास अडकण्याच्या प्रमाणात मात्र दोन्ही गटांत फरक नव्हता. म्हणजे उमासे जास्त म्हणून धोका जास्त, असं गणित बसत नाही. त्याच अभ्यासात दोन्ही गटांतल्या बाळांना अडकू शकणारे पदार्थ सर्रास दिले जात असल्याचंही दिसलं, आणि मला ती बाब जास्त काळजीची वाटते.

कारण घास अडकतो तो पदार्थाच्या आकारामुळे आणि पोतामुळे. द्राक्षाचंच घ्या. गोल, गुळगुळीत, दाबलं की किंचित चेपणारं, आणि साधारण लहान मुलाच्या श्वासमार्गाच्या मापाचं. अगदी घट्ट बूच. तेच उभं चिरून चार फोडी केल्या की बूच बनत नाही. गोल काप हे अख्ख्या फळाइतकेच वाईट, म्हणून लांबट किंवा गोल पदार्थ नेहमी उभे चिरावेत. कच्चं गाजर आणि सफरचंदाच्या कडक फोडी किसाव्यात किंवा अंगठा आणि बोट यांच्यात चिरडेपर्यंत शिजवाव्यात. शेंगदाणे, बदाम असे अख्खे दाणे ५ वर्षांपर्यंत नकोत. त्यांची पूड किंवा पातळ लावलेलं दाण्यांचं लोणी (पीनट बटरसारखं) चालतं, चमचाभर गोळा नाही. पॉपकॉर्न आणि कडक गोळ्या चौथ्या वाढदिवसाआधी घरात मुलांच्या हाताला लागू देऊ नयेत. हे सगळं दाढांशी जोडलेलं आहे. पुढचे दात घास तोडतात, दळतात त्या दाढा. पहिल्या दाढा साधारण सव्वा-दीड वर्षाच्या सुमाराला येतात, दुसऱ्या दोन ते पावणेतीन वर्षांच्या दरम्यान. त्या आल्या तरी नीट चावून खायची सवय लागायला आणखी वेळ जातो. दोन वर्षांचं मूल शेंगदाण्याचे दोन तुकडे सहज करतं, पण त्याचं पीठ करू शकत नाही.

बसण्याचंही तितकंच महत्त्व आहे. पळताना, आडवं पडून, हसत-खिदळत किंवा गाडीच्या मागच्या सीटवर खाणारं मूल नेमक्या चुकीच्या क्षणी श्वास ओढतं. गाडीत तर आपली पाठ त्याच्याकडे असते.

उमासेसुद्धा नेहमीच निर्धास्तपणे सोडून द्यायचे नसतात. वर्ष उलटल्यावरही मऊ गुठळ्यांना रोज उमासे येत असतील, प्रत्येक जेवणात उलटी होत असेल, वजन वाढत नसेल किंवा पातळ पदार्थ पितानाही दर वेळी ठसका लागत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. आणि श्वास कोंडून घास निघाल्यावर मूल हसू-खेळू लागलं, तरी ज्याला पोटावर झटके किंवा छातीवर दाब दिले त्याला त्याच दिवशी तपासून घ्यावं. थापांनी भागलं असलं तरी पुढचे काही दिवस कान उघडे ठेवावेत. खोकला थांबत नसेल, श्वासाला घरघर येत असेल किंवा ताप चढला, तर एखादा तुकडा खाली फुप्फुसाच्या वाटेत राहिलेला असू शकतो. अन्नाचा तुकडा एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही, म्हणून डॉक्टरांना ‘खोकला आहे’ एवढंच न सांगता ‘मंगळवारी शेंगदाणा अडकला होता’ असं सांगावं लागतं.

मोठ्या मुलाला मी त्या दिवशी रागावलो नाही. त्याने तिला आपल्या वाटणीचं द्राक्ष दिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याला शेजारी बसवून, बोथट सुरीने एक द्राक्ष उभं चिरायला दिलं, मग अर्धं पुन्हा उभं. आता तिला द्राक्ष द्यायचं असलं की तो आधी ताटलीतल्या फोडी मोजतो. चार झाल्या की तिच्यासमोर ठेवतो आणि ती गिळेपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत बसतो.