तपासलेल्या इंग्रजी मजकुरावरच्या लाल आणि निळ्या खुणा

तपासून दिलेला अर्ज किंवा लेख हातात पडला की बहुतेक ग्राहक विचारतात, "एवढं सगळं चुकलं होतं का?" नाही. लाल खूण म्हणजे चूक. निळी खूण म्हणजे वाक्य बरोबर आहे, पण ते ज्यांच्याकडे जाणार त्यांना खटकेल असे आम्हाला वाटते. ती मानायची की नाही, हे तुम्ही ठरवायचे.

लाल खुणांवरून फारसा वाद होत नाही. 'डिड'नंतर 'वेंट' आले की त्याचे 'गो' करावेच लागते. सर्वांत जास्त लाल शाई लागते ती 'सिन्स'ला. आपण '२०१९पासून' म्हणतो आणि 'पाच वर्षांपासून'ही म्हणतो. इंग्रजीत मात्र सुरुवात सांगायची तर 'सिन्स २०१९' आणि किती काळ ते सांगायचे तर 'फॉर फाइव्ह इयर्स'. शिवाय क्रियापद 'आय ॲम वर्किंग' नव्हे, 'आय हॅव बीन वर्किंग'. नोकरीच्या अर्जात हे वाक्य हमखास असते, तेव्हा आमच्याकडे आला नाहीत तरी तेवढे एकदा नीट पाहा.

'अ' की 'ॲन' हे अक्षरावर नव्हे, उच्चारावर ठरते. म्हणून 'ॲन एफआयआर', 'ॲन एमएलए', पण 'अ युनिव्हर्सिटी'.

खरी वादावादी होते ती शाळेत पाठ केलेल्या काही नियमांवरून. वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय नको, हा त्यातला सर्वांत चिवट. कवी ड्रायडन यांनी १६७२ मध्ये नाटककार बेन जॉन्सन यांच्या वाक्यांवर हा आक्षेप घेतला आणि पुढे व्याकरणाच्या पुस्तकांतून तो नियम म्हणून रुळला. पण 'व्हॉट आर यू लुकिंग फॉर?' हे इंग्रजी माणूस दुसरे कसे विचारणार? अशा वाक्याला आम्ही हात लावत नाही. 'टू' आणि क्रियापद यांच्यामध्ये शब्द आला तरी आमची हरकत नसते.

मग अंतिम निर्णय कोणाचा? फ्रेंच भाषेसाठी १६३५ पासून अकादमी आहे. इंग्रजीसाठीही तशी संस्था असावी, असे लेखक जोनाथन स्विफ्ट यांनी १७१२ मध्ये सुचवले होते, पण ती कधी स्थापन झाली नाही. त्यामुळे इंग्रजीचे शब्दकोश हुकूम देत नाहीत, लोक काय लिहितात त्याची नोंद ठेवतात. आपल्याकडे रोज वापरला जाणारा 'प्रीपोन' (ठरलेली वेळ अलीकडे आणणे) ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे. पुण्यातल्या कार्यालयातल्या पत्रात तो आम्ही तसाच ठेवतो, लंडनच्या ग्राहकाला जाणाऱ्या पत्रात मात्र निळी खूण करतो. 'डू द नीडफुल' (आवश्यक ते करावे) या प्रयोगाचेही तेच. एके काळी इंग्रजांच्याच पत्रव्यवहारात तो सर्रास असे, आज तिकडे जुनाट वाटतो.

स्वल्पविरामाच्या बाबतीत मात्र आम्ही काटेकोर आहोत, आणि करारनाम्यात तर फारच. अमेरिकेतल्या मेन राज्यात दूध वाहून नेणाऱ्या चालकांनी जादा कामाच्या पैशांसाठी दावा लावला होता. कोणत्या कामांना जादा दर द्यावा लागत नाही, त्यांची यादी कायद्यात होती. तिच्या शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' असे शब्द होते आणि 'ऑर'च्या आधी स्वल्पविराम नव्हता. त्यामुळे वितरण हे यादीतले वेगळे काम, की पाठवणी किंवा वितरणासाठी केलेले पॅकिंग एवढाच अर्थ, हे स्पष्ट होईना. चालक वितरण करत, पॅकिंग नाही. अपील न्यायालयाने २०१७ मध्ये चालकांच्या बाजूने कौल दिला आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. एरवी हा स्वल्पविराम द्यावा की नाही यावर जाणकारांतही दोन मते आहेत आणि आम्ही तो तुमच्यावर सोडतो. पण जिथे त्याच्यावाचून दोन अर्थ निघतात, तिथे आमची खूण लालच असेल.

मजकूर देताना पहिल्या पानावर दोन गोष्टी लिहा: तो कोण वाचणार आणि कोणत्या देशात. अमेरिकेत जायचा असेल तर 'कलर', 'सेंटर'सारख्या शब्दांचे स्पेलिंग आम्ही तिकडच्या पद्धतीने करू. निळी खूण पटली नाही तर शेजारी 'राहू दे' लिहा, आम्ही कारण विचारणार नाही. लाल खूण पटली नाही तर मात्र जरूर या. शब्दकोश टेबलावरच असतो, पान उघडून एकत्र पाहू.