मेडिकलचं काउंटर, कॉलेजची पोरं आणि साथीचे दिवस

साथ आली की लोक पहिल्यांदा धावतात ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये, दवाखान्याचं नंतर बघतात. तरी सरकारी प्लॅनमध्ये फार्मासिस्टला आणि तरुण पोरांना ऐनवेळी बोलावलं जातं, आधी कोणी विचारत नाही. हे आजचं नाही, बरंच जुनं आहे.

मुळात आपल्याकडे हा पेशा उभा राहिला तोच एका संकटातून. मलेरियाने माणसं मरत होती आणि बाजारात भेसळीचं क्विनाइन खुशाल विकलं जात होतं, औषध कोणी बनवायचं कोणी विकायचं याला काही धरबंधच नव्हता. ओरड वाढली तेव्हा १९३० मध्ये चोप्रा समिती नेमली गेली, १९३२ पासून बनारस हिंदू विद्यापीठात महादेव लाल श्रॉफ यांनी फार्मसीचं शिक्षण सुरू केलं, मग १९४० चा औषध कायदा आणि १९४८ चा फार्मसी कायदा. पण कायद्याने फार्मासिस्टला औषध देणारा माणूस म्हणूनच बघितलं, साथीत त्याने नेमकं काय करायचं हे कुठे आलंच नाही.

तरुणांचं पण तसंच. २४ सप्टेंबर १९६९ ला गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात कॉलेजच्या पोरांसाठी एनएसएस म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, ३७ विद्यापीठं आणि ४० हजार पोरं. दोन वर्षांत २४० तास काम. कल्पना चांगलीच होती, पण बऱ्याच कॉलेजात ते तास झाडू आणि झाडं लावण्यातच जातात.

सप्टेंबर १९९४, सुरतचा प्लेग. खाजगी डॉक्टरांपैकी बरेच जण शहर सोडून गेले, लाखो लोक ट्रेन-बस मिळेल तिने पळाले आणि प्लेगवरचं अँटिबायोटिक टेट्रासायक्लिन बघता बघता दुकानांतून गायब झालं. आता काउंटरमागे उभं राहून बघा, समोर गर्दी, ज्याला ताप आहे तोही मागतोय आणि ज्याला काहीच नाही तो घरात साठवायला मागतोय, कोणाला द्यायचं आणि कोणाला समजावून परत पाठवायचं हे त्या क्षणी मेडिकलवाल्यालाच ठरवावं लागतं. याचं ट्रेनिंग त्याला कोणी दिलं होतं?

मग कोविड. लॉकडाऊनमध्ये मेडिकल उघडी, २०२० च्या एप्रिलमध्ये काही राज्यांनी ताप-खोकल्याची गोळी घेणाऱ्याचं नाव-फोन लिहून ठेवायला सांगितलं, म्हणजे रोग कुठे पसरतोय हे काउंटरवर आधी कळतं हे सरकारलाही माहीत होतं. २०२१ च्या एप्रिलमध्ये रेमडेसिविरसाठी नातेवाईक चिठ्ठी हातात धरून दुकानं पालथी घालत होते, शेवटी महाराष्ट्रात वाटप जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलं. त्याच वेळी विशी-बाविशीची पोरं रात्र-रात्र जागून बेड आणि ऑक्सिजनचे नंबर फोन करून चेक करायची, कुठला चालू, कुठला बंद, आणि मगच पुढे टाकायची. मला ते काम फार मोठं वाटतं, कारण चुकीच्या नंबरवर गेलेला अर्धा तास पेशंटला परवडणारा नव्हता.

अमेरिकेत २००९ पर्यंत पन्नासही राज्यांत फार्मासिस्टला फ्लूची लस टोचायची परवानगी मिळाली होती. आपल्याकडे १ मे २०२१ ला अठरा वर्षांवरच्यांना लस खुली झाली तेव्हा दहा लाखांहून जास्त नोंदणीकृत फार्मासिस्ट असूनही टोचायचं काम त्यांच्याकडे आलं नाही. डी.फार्म म्हणजे फार्मसीच्या डिप्लोमाच्या नव्या अभ्यासक्रमात सोशल फार्मसी आलंय, त्यात साथीचे रोग शिकवतात, शिवाय पाचशे तासांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग आहेच. ही पोरं तरुणही आहेत आणि औषधातलं त्यांना कळतंही, मग जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात त्यांचं नाव आणि काम आधीच लिहून ठेवायला काय हरकत आहे?