अरबी समुद्राची तापमानवाढ आणि शैवालांचा बहर

समुद्राचे पाणी तापले की त्यातील शैवालांचे प्रमाण, त्यांच्या जाती आणि त्यांच्या बहराचा हंगाम बदलू लागतो. या बदलाचे एक ठळक उदाहरण उत्तर अरबी समुद्रात दिसते. शैवाल म्हटले की विहिरीच्या पायरीवरचे निसरडे शेवाळ डोळ्यांसमोर येते. समुद्रातील शैवालांपैकी बहुसंख्य मात्र पाण्यात तरंगणारी, एकपेशीय आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारी असतात. त्यांना वनस्पतिप्लवक म्हणतात. पृथ्वीवरील एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी सुमारे निम्मे हेच प्लवक करतात. अनुकूल परिस्थितीत ते झपाट्याने वाढून पाण्याला रंग आणतात, त्या अवस्थेला बहर म्हणतात.

‘पाणी तापले की शेवाळ माजते’ हे गावच्या तळ्याबाबत बऱ्याचदा खरे ठरते. समुद्राला ते तसेच लावले, तर निम्म्या वेळा चुकते. पेशीपुरते पाहिले तर ऊब वाढीला पोषकच असते. प्लवकांच्या वाढीचा कमाल वेग तापमान दहा अंशांनी वाढल्यावर जवळजवळ दुप्पट होतो, असे रिचर्ड एपली यांनी १९७२ साली दाखवले. पण वेग असून भागत नाही, खत लागते. सूर्यप्रकाश समुद्राच्या वरच्या थरात असतो आणि नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट हे खत खालच्या गार पाण्यात. आंघोळीच्या पाण्यात विसण घालून ते ढवळलेच नाही, तर वर कढत आणि तळाशी गार असे दोन थर राहतात. तापलेल्या समुद्राचे तसेच होते. वरचे पाणी हलके होऊन वरच राहते, खालचे खत खालीच अडकते, आणि भरपूर उजेडात प्लवकांची उपासमार होते.

अरबी समुद्र वर्षातून दोनदा ढवळला जातो. उन्हाळी मोसमी वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगतचे पाणी दूर लोटतात, त्याची जागा घ्यायला खालचे गार, खतयुक्त पाणी वर येते. हिवाळ्यात पद्धत वेगळी. हिमालय आणि तिबेटकडून येणारे कोरडे, थंड ईशान्य वारे उत्तर भागातले पृष्ठजल गार करतात. ते जड होऊन खाली बसते आणि खालचे वर येते. म्हणजे गुजरातपासून ओमानपर्यंतच्या समुद्रातील हिवाळी बहर काही प्रमाणात डोंगरावरच्या बर्फाशी बांधलेला आहे. समुद्रातल्या सूक्ष्म शैवालाचा जमाखर्च हिमालयात लिहिला जावा, ही या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट म्हणावी लागेल.

तापमानवाढीचा यावर काय परिणाम होतो, याची पहिली दोन गाजलेली उत्तरे एकमेकांच्या उलट होती. जोकिम गोएस आणि सहकाऱ्यांनी २००५ साली उपग्रहांच्या आधारे मांडले, की युरेशियाचा भूभाग तापल्याने व बर्फ घटल्याने उन्हाळी वारे जोर धरत आहेत आणि पश्चिम अरबी समुद्राच्या किनारी भागात उन्हाळी प्लवक सात वर्षांत ३५० टक्क्यांहून अधिक वाढले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली सहा दशकांचा हिशेब मांडला, तेव्हा पश्चिम हिंदी महासागरातील प्लवक २० टक्क्यांपर्यंत घटल्याचे निघाले. त्याच सुमाराच्या त्यांच्या अभ्यासानुसार १९०१ ते २०१२ या काळात या भागाचे उन्हाळी पृष्ठतापमान सुमारे १.२ अंश सेल्सिअसने वाढले, आणि थर घट्ट झाल्याने खत वर येईनासे झाले. दोन्ही निष्कर्षांतली तफावत मुख्यतः काळाच्या लांबीची आहे. समुद्राचा रंग मोजणारे सीविफ्स हे उपकरण घेऊन उपग्रह १९९७ साली सुटला. त्यानंतरच्या सात वर्षांतली चढण ही दीर्घकालीन कल आहे की नैसर्गिक हेलकावा, हे सात वर्षांत ठरत नाही. पुढच्या नोंदींत ती चढण टिकली नाही.

शैवाल वाढले की घटले, या वादात एक प्रश्न बराच काळ मागे राहिला: वाढते आहे ते कोणते? १९९०च्या दशकातील मोहिमांत उत्तर अरबी समुद्राच्या हिवाळी बहरात डायाटम प्रमुख होते. डायाटम म्हणजे काचेसारख्या सिलिकेटच्या कवचातली शैवाले. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून भारतीय संशोधन जहाजांना तिथे जानेवारी ते मार्चमध्ये हिरव्या नॉक्टिल्युका या एकपेशीय जिवाचे प्रचंड पट्टे दिसू लागले. अवकाशातून ते समुद्रावर काढलेल्या हिरव्या भोवऱ्यांच्या रांगोळीसारखे दिसतात.

नॉक्टिल्युका सिंटिलान्स हा प्राणी की वनस्पती, हे एका शब्दात सांगता येत नाही. बहरातले पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडाकडे धरले, तर भिजलेल्या साबुदाण्याच्या अगदी बारीक कण्या तरंगत असल्यासारखे वाटते: गोल, पारदर्शक, आतून हिरवट. एक पेशी साधारण ०.२ ते २ मिलिमीटरची, म्हणजे एकपेशीय जिवांत राक्षसीच. हिरवा रंग तिचा स्वतःचा नव्हे. तिच्या पोटात प्रोटोयुग्लिना नावाच्या हरित शैवालाच्या हजारो पेशी पोहत असतात आणि उन्हात अन्न तयार करतात. शिवाय तिला एक सोंडेसारखा धागा असतो. त्याने ती डायाटम, इतर सूक्ष्मजीव आणि माशांची अंडीही पकडून गिळते. घरी शेती आणि बाहेर शिकार, असा दुहेरी संसार असल्याने खताचा दुष्काळ तिला फारसा जाणवत नाही. तापलेल्या, घट्ट थरांच्या पाण्यात डायाटम मागे पडतात तिथे ती पुढे येते. तिचा हिरवा प्रकार साधारण २५ ते ३० अंशांच्या पाण्यात रमतो. समशीतोष्ण समुद्रांतला, पोटात शैवाल नसलेला लालसर प्रकार त्याहून गार पाण्यातही वाढतो.

ही पालट नेमकी कशामुळे झाली यावर एकमत नाही. हेल्गा गोम्स, गोएस आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली कमी प्राणवायूचे पाणी वर पसरत असल्याचे कारण पुढे केले. अरबी समुद्राच्या मधल्या खोलीत जगातील सर्वांत मोठ्या अल्पप्राणवायू पट्ट्यांपैकी एक आहे. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रातील संशोधकांनी २०१८ साली ईशान्य अरबी समुद्रातले बहर तपासले, तेव्हा त्यांचा प्राणवायूच्या टंचाईशी संबंध आढळला नाही. २०२० साली गोएस आणि सहकाऱ्यांनी हिमालय-तिबेट भागातील बर्फ घटल्याने हिवाळी वारे उबदार व दमट झाले आणि ढवळणे मंदावले, यावर भर दिला. प्रस्तुत लेखकाला हे शेवटचे स्पष्टीकरण अधिक सुसंगत वाटते, कारण वारे, थर आणि खत तिन्ही त्यात एका साखळीत येतात. तरी नॉक्टिल्युका इथे नवखी नाही, हे विसरता कामा नये. मलबार आणि कानडा किनाऱ्यावर ‘लाल पाणी’ आले की मासेमारी एकदम बसते, अशी नोंद भीमाचार आणि जॉर्ज यांनी १९५० साली केली होती आणि त्यामागे नॉक्टिल्युकाच असल्याचे म्हटले होते. ती पूर्वीपासून होती. खोल समुद्रातला हिवाळी बहर तिने व्यापणे, हे नवे.

मासे आणि मच्छीमार यांच्या दृष्टीने हा बदल प्लवकांच्या एकूण बेरजेपेक्षा महत्त्वाचा ठरतो. डायाटमना कोपेपॉड नावाचे सूक्ष्म कवचधारी खातात, कोपेपॉडांना तारली-बांगड्यासारखे मासे खातात, आणि तिथून साखळी सुरमईपर्यंत जाते. नॉक्टिल्युका कोपेपॉडांच्या मानाने फार मोठी. तिला खाणारे मुख्यतः सॅल्प नावाचे पारदर्शक तरंगते प्राणी आणि जेलीफिश. त्यांच्यातून माशांकडे फारसे काही पोहोचत नाही. ती विष तयार करत नाही, पण पेशीत साठवलेला अमोनिया बहर मरताना पाण्यात सुटतो, आणि कुजणारा थर प्राणवायू ओढून घेतो. ओमानच्या आखातातील आणखी एक बहर याहून महागात पडला: २००८-०९ मध्ये कॉक्लोडिनियम या दुसऱ्याच प्लवकाच्या, पाणी लाल करणाऱ्या बहराने मासे मेले आणि समुद्राचे पाणी गोडे करणारे कारखाने बंद ठेवावे लागले.

सगळीच शैवाले नॉक्टिल्युकाच्या वाटेने जात नाहीत. ट्रायकोडेस्मियम हे नीलहरित सूक्ष्मजीव हवेतला नायट्रोजन स्वतः बांधतात, त्यामुळे फेब्रुवारी ते मे या निवांत, तापलेल्या महिन्यांत गोव्याजवळच्या समुद्रावर त्यांचा लाकडाच्या भुशासारखा तवंग दिसतो. प्रवाळांच्या पेशींत राहणारी शैवाले उलट उष्णतेने बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढरे पडतात. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली तसे घडले.

कोकणकिनाऱ्यावर नॉक्टिल्युकाची ओळख होते ती रात्री. लाट फुटली, होडीचे वल्हे पाण्यात गेले किंवा ओल्या वाळूवर पाय पडला, की पेशीतील ल्युसिफेरिन या रसायनातून निळा प्रकाश क्षणभर उमटतो. २०२० च्या नोव्हेंबरात जुहूपासून देवगडपर्यंत अशा लाटांची छायाचित्रे फिरली आणि लगेच तापमानवाढीचा निर्वाळाही दिला गेला. एका किनाऱ्यावरच्या एका रात्रीवरून तो देता येत नाही. किनाऱ्यालगतच्या बहराला शहरांचे सांडपाणी, खाड्यांतून येणारे खत आणि पावसाळ्यानंतरचे वारे हेही कारण असू शकतात. वर सांगितलेला खुल्या समुद्रातील बदल हा त्याहून वेगळा, वर्षानुवर्षांच्या मोहिमांतून आणि उपग्रहांतून जमवलेल्या नोंदींतला आहे. उपग्रहालाही मुख्यतः हरितद्रव्याचा रंग दिसतो. तो हिरवा पट्टा डायाटमचा की नॉक्टिल्युकाचा, याची खात्री करायला अजून जहाज न्यावे लागते आणि पाण्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा लागतो.