परफॉर्मन्स आर्ट आणि रंगमंचावरचा प्रयोग

इंग्लंडमधील मँचेस्टर इंटरनॅशनल फेस्टिव्हलच्या जुलै २००९ मधील कार्यक्रमपत्रिकेत दोन गोष्टी शेजारी शेजारी होत्या: पॅलेस थिएटरमध्ये गायक-संगीतकार रूफस वेनराइट यांचा ‘प्रिमा डॉना’ हा नवा ऑपेरा, म्हणजे गाण्यातून उलगडणारे नाटक, आणि व्हिटवर्थ कलादालनात परफॉर्मन्स आर्टिस्ट मरीना अब्रामोविच यांच्या पुढाकाराने एकत्र आलेल्या कलावंतांची परफॉर्मन्स आर्ट, म्हणजे कलावंताचे शरीर आणि त्याची प्रत्यक्ष कृती हीच कलाकृती असलेली कला. दोन्हीकडे तिकीट होते, ठरलेली वेळ होती आणि प्रेक्षकांसमोर जिवंत माणसे होती. म्हणून दोन्हींची जात एकच वाटली तर नवल नाही.

ऑपेरात १९७० च्या पॅरिसमधील, उतारवयाकडे झुकलेल्या एका गायिकेचा एक दिवस दिसतो, पण तो एका संध्याकाळीत आटोपतो. मँचेस्टरला ही भूमिका जॅनिस केली यांनी गायली. उद्या दुसरी गायिका उभी राहिली, तरी कलाकृती तीच राहते. व्हिटवर्थमध्ये घड्याळ खरे होते. दालने चित्रे हलवून रिकामी केलेली होती. प्रेक्षकाने चार तास थांबण्याचे आधीच कबूल करायचे, पांढरा कोट चढवायचा आणि पहिला तासभर अब्रामोविच सांगतील तसे अतिसंथ चालायचे, अनोळखी माणसाच्या डोळ्यांत पाहत राहायचे, म्हणजे पुढचे पाहण्याइतकी सवड मनाला मिळते.

नट भूमिका करतो आणि परफॉर्मन्स आर्टिस्ट स्वतःच असतो, ही नेहमीची खूण मात्र मला अपुरी वाटते. त्याच दालनांत गोव्याशी नाते असलेले कलावंत निखिल चोप्रा होते आणि त्यांचा ‘योगराज चित्रकार’ हे तर सरळसरळ पात्र आहे, निसर्गचित्रकार आजोबांवरून बेतलेले, वेशभूषेसकट. फरक पडतो तो कामात. चोप्रा तासन्‌तास, कधी दिवसचे दिवस, कोळशाने खरेच चित्र काढतात. जेवण, झोप, दाढी, कपडे बदलणे हेही लोकांसमोरच चालते. नाटकातल्या चित्रकाराने कुंचला फिरवल्यासारखे केले तरी भागते. येथे बोटे काळी होतात आणि शेवटी भलेमोठे चित्र मागे उरते.

परफॉर्मन्स आर्ट पुन्हा करताच येत नाही, हेही पूर्ण खरे नाही. अब्रामोविच यांनी २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात इतर कलावंतांच्या पाच जुन्या कृती आणि स्वतःच्या दोन, अशा सात कृती सात रात्रींत सादर केल्या, पण मुळातली लांबी बाजूला ठेवून प्रत्येकीला सात तास दिले.