चोडणला जायचं तर तिथी बघून जा

पक्षी बघायला निघायचं तर लोक पहाटेचा गजर लावतात. मांडवीतल्या चोडण बेटावरच्या डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्यात जायचं असेल, तर मी आधी पंचांग उघडते. गोव्यातलं हे कांदळवन 1988 पासून संरक्षित आहे. क्षेत्र अवघं 178 हेक्टर. रायबंदरहून फेरीबोटीने नदी ओलांडली की प्रवेशद्वार जवळच, आणि आतली पायवाट थेट झाडांमधून जाते. ऐन भरतीला गेलात तर पाणी आणि पानं एवढंच दिसतं. खरं बघायचं ते चिखलात असतं, आणि चिखल उघडा पडतो ओहोटीला.

किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, म्हणजे सकाळची ओहोटी नऊच्या आसपास. चंद्र पुढे सरकत असल्यामुळे भरती रोज सुमारे 50 मिनिटं मागे पडते, म्हणून हा पाऊण तासाचा हिशोब ढोबळमानाने जुळतो. तृतीया-चतुर्थीची सकाळ धरली की पक्षीही मिळतात आणि चिखलही. खाडीत वेळ थोडी मागेपुढे होते, तेव्हा निघण्याआधी भरती-ओहोटीचा तक्ता बघून घ्या.

वाटेवर तिवर या कांदळवनातल्या झाडाजवळ थांबा आणि खाली वाका. चिखलातून पेन्सिलीएवढ्या जाडीची शेकडो मुळं सरळ वर आलेली असतात. या चिखलात वरचा पातळ थर सोडला तर प्राणवायू जवळजवळ नसतोच. कुजक्या अंड्यांसारखा वास येतो तो प्राणवायूविना जगणाऱ्या जीवाणूंनी सोडलेल्या हायड्रोजन सल्फाइडचा. म्हणून झाड मुळं वर काढून श्वास घेतं. मुळांच्या सालीवर बारीक छिद्रं असतात. भरतीत ती बुडतात, आतला प्राणवायू वापरला जातो, तयार झालेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो आणि मुळातला दाब उतरतो. पाणी ओसरून छिद्रं उघडी पडली की बाहेरची हवा आत ओढली जाते. शोलांडर या शास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी 1955 मध्ये कांदळ या इथल्याच दुसऱ्या जातीच्या झाडाच्या मुळांची छिद्रं ग्रीस लावून बुजवून पाहिली, तेव्हा आतला प्राणवायू घटत गेला. माझ्या मते साऱ्या कांदळवनात याहून सुंदर यंत्रणा नाही. वाट सोडून आत शिरू नका म्हणतात ते यासाठीच: पायाखाली मोडतात ती झाडाची श्वास घेणारी मुळं.

तिवराचं पान कोरड्या दिवशी उन्हात तिरपं धरा. त्यावर मिठाचे कण चमकतात. पानातल्या ग्रंथी जादा मीठ बाहेर टाकतात. कांदळाची तऱ्हा वेगळी, तो बहुतेक मीठ मुळाशीच अडवतो.

तेवढ्यात चिखलावर हालचाल दिसेल. निवट्या हे चिखलातले छोटे मासे कल्ल्यांच्या कप्प्यात पाणी धरून आणि ओल्या त्वचेतून प्राणवायू घेत पाण्याबाहेर उड्या मारत असतात. एक नांगी अवाढव्य असलेले छोटे खेकडे ती हलवत बसतात. ते नर, माद्यांना बोलावताहेत आणि शेजारच्या नराला दम देताहेत. त्यांच्या बिळांमुळे चिखलात हवा खेळते, तिवरालाही त्याचा फायदा होतो. हे बघायचं तर दहा मिनिटं जागचं हलू नका. पाऊल वाजलं की सगळे बिळात जातात, पण थोड्या वेळाने पुन्हा बाहेर येतात.